खाजनाचा बांध आणि परदेशी निधी : पेडणे तालुक्यातील एक प्रकरण

हे प्रकरण गोव्यात सामाजिक क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. यातील गाव, कूळ संघटना, पणजीतील संस्था आणि युरोपातील निधी संस्था कल्पित आहेत आणि त्यांना मुद्दाम नावे दिलेली नाहीत. खाजन शेतीची रीत, भरती-ओहोटीचे गणित आणि कायद्याच्या अटी मात्र खऱ्या आहेत. परदेशी निधीतून झालेल्या कामाबद्दल ‘नेतृत्व स्थानिकांचे होते’ असे अहवालात सर्रास लिहिले जाते. तसे लिहिताना कोणता निर्णय कोणी घेतला, आणि त्या निर्णयापुढे निधी देणाऱ्याला आपले काय बदलावे लागले, हे दाखवता आले पाहिजे, एवढ्या एकाच कसोटीवर हे प्रकरण वाचावे.

गाव आणि बांध

गोव्यात नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीचे पाणी बाहेर ठेवणारा मातीचा बांध, त्या बांधातली मानस आणि आतली पोंय, म्हणजे पाणी साठण्याची खोलगट जागा, या तिघांवर ही सारी शेती उभी आहे. मानस म्हणजे दगडी बांधणीत बसवलेली लाकडी दारांची पाणवाट. भरतीच्या दाबाने तिची दारे मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगूट या खारटपणा सोसणाऱ्या भाताचे मोड आणलेले बियाणे पडते, ऑक्टोबरात कापणी होते, आणि नंतर खारे पाणी आत घेऊन पोंयीत मासळी वाढू दिली जाते. मानशीवर जाळे लावण्याचा हक्क पावणी, म्हणजे लिलाव, करून दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. भात पिकवणारा आणि मासळी धरणारा यांचे हितसंबंध एकाच दारावर टेकलेले असतात. दार जास्त वेळ उघडे राहिले तर मासळी वाढते आणि शेत खारटते.

आपले गाव शापोरा नदीच्या काठी आहे. पेडणे हा नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या भागातला, तालुका असल्याने येथे तिसवाडी किंवा साष्टीसारखी कोमुनिदाद, म्हणजे गावची जमीन सामूहिकपणे सांभाळणारी संस्था, नाही. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन आणि कसणारी कुळे अशी जुनी मांडणी होती. १९६४ च्या कूळ कायद्याखाली १९७५ मध्ये जे नियम झाले, त्यांनी बांध आणि मानस राखण्याची कुळांची संयुक्त जबाबदारी कूळ संघटनेवर सोपवली, आणि तिच्यावर मामलेदाराची देखरेख ठेवली. या गावची संघटनाही त्यातलीच.

निधी संस्था गावात येण्याच्या दोन पावसाळे आधी आषाढ अमावास्येच्या उधाणात नदीकडच्या बांधाला भगदाड पडले आणि सुमारे ६० हेक्टर शेतात खारे पाणी शिरले. कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग बांधांची कामे करतो. येथेही पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, आणि कागद फिरत राहिले. तोवर शेतात तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपे गुडघ्याएवढी झाली. ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात पटकन येत नाही, पण घाई होती ती याचीच. पडीक खाजनात खारफुटी एकदा माजली की ती कायद्याने संरक्षित होते, परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही, आणि शेत फक्त एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर शेत उरते.

प्रस्ताव

हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या कामांना पैसा देणारी युरोपातील एक संस्था पणजीतील एका नोंदणीकृत संस्थेमार्फत या गावात आली. तिचा सल्लागार अभियंता दोन वेळा बांधावरून फिरला, त्याने मोजमापे घेतली, ड्रोनने चित्रण केले, आणि पणजीत परतून एक नीटनेटका प्रस्ताव तयार केला : भगदाडाच्या जागी काँक्रीटची भिंत, मानशीला पोलादी दारे, गावकऱ्यांसाठी सामूहिक जलव्यवस्थापनाची कार्यशाळा, आणि सारे काम डिसेंबरअखेर पूर्ण, कारण त्या संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ डिसेंबरला संपते.

या प्रस्तावात वाईट हेतू शोधू नये. तो आळसानेही लिहिलेला नव्हता. त्यातल्या प्रत्येक कलमाला कुठल्या ना कुठल्या मार्गदर्शक तत्त्वाचा आधार होता, आणि म्हणूनच तो शिकवण्याजोगा आहे. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता स्थानिक संस्कृतीचा आदर करा आणि स्थानिक क्षमतेवर काम उभारा असे सांगते. २०१६ च्या मे महिन्यात इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी मदतनिधीचा २५ टक्के वाटा २०२० पर्यंत शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना देण्याचे मान्य केले. जगभरात थेट पोहोचलेला वाटा मात्र एक आकडी टक्क्यांतच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये स्थानिक नेतृत्वाखालील हवामान-अनुकूलनाची आठ तत्त्वे जाहीर झाली, त्यात निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर नेणे आणि निधी धीराचा व खात्रीचा असणे ही दोन आहेत. आपल्या निधी संस्थेने ही तत्त्वे स्वीकारली होती. तिच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ती छापलेली होती आणि सातव्या पानावर काँक्रीटची भिंत होती.

कार्यशाळेबद्दल एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाडीचे पाणी अडवून भात खाल्लेल्या लोकांना पाणी सामूहिकपणे कसे राखावे हे पणजीच्या हॉटेलात दोन दिवस शिकवण्याची कल्पना ज्या खर्चाच्या रकान्यातून येते, तो रकाना कोणीतरी एकदा उघडून पाहायला हवा.

सभामंडपातील बैठक

चतुर्थी झाल्यावर देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. निधी संस्थेची कार्यक्रम अधिकारी आली होती, पणजीतल्या संस्थेचा कार्यकर्ता दुभाषी होता. भिंतीवर प्रस्तावाची चित्रे दाखवून झाली. गावाने माना डोलावल्या. अशा बैठका बहुतेक वेळा येथेच संपतात आणि इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी एकमताने स्वागत केले’ असे वाक्य पडते.

ही बैठक पुढे सरकली ती अधिकारी महिलेने विचारलेल्या एका साध्या प्रश्नामुळे. हे काम तुम्ही स्वतःच्या पैशाने केले असते, तर कसे केले असते, असे तिने विचारले. मानस राखणारे वयस्क काका तोवर खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, “म्याडम, पैसे तुमचे म्हणून आम्ही गप्प बसलो. नोव्हेंबरात चिखल ओला असतो, त्यात पाय ठरत नाही. माती काढायची ती जानेवारीपासून. आणि भगदाड बुजवायचे ते अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, पाण्यात. अमावास्या-पुनवेला उधाणात टाकलेली माती नदीलाच जाईल. डिसेंबर म्हणजे तुमचा हिशेब झाला, पाण्याचा नाही.”

मग इतरांनी तोंड उघडले. काँक्रीटची भिंत खालच्या मऊ चिखलात बसते, तडकते, आणि तिच्या पायाशी पाणी आपटून माती खरवडते. मातीचा बांध खचतो, पण खचल्यावर त्यावर पुन्हा माती चढवता येते. खाऱ्या हवेत पोलादी दाराला गंज चढतो, मट्टीच्या लाकडाला तो प्रश्न नाही, आणि दार बिघडले तर गावचा सुतार ते दुसऱ्या दिवशी बसवतो. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा संघटनेच्या खजिनदाराने मांडला. मातीचा बांध एका हंगामात पुरा होत नाही. तो घालायचा, एक पावसाळा बसू द्यायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात जिथे जिथे दबला असेल तिथे माती चढवायची. म्हणजे दोन हंगाम. निधी होता एका वर्षाचा.

अधिकारी महिलेने तिथल्या तिथे काही कबूल केले नाही आणि ते बरेच झाले. तिने मुदतवाढीचा प्रश्न आपल्या मुख्यालयापुढे ठेवला, दोन महिने त्यावर पत्रव्यवहार झाला, आणि अखेरीस अनुदानाची मुदत दोन उन्हाळ्यांना पुरेल अशी वाढवून रक्कम दोन हप्त्यांत विभागली गेली. आठ तत्त्वांतला ‘धीराचा निधी’ प्रत्यक्षात दिसतो तो असा : कोणाच्या तरी ताळेबंदात एक न खर्चलेली रक्कम वर्षअखेर शिल्लक दिसते आणि तिचे स्पष्टीकरण त्या व्यक्तीला द्यावे लागते. या प्रकरणात गावाबद्दलचा आदर कुठे मोजायचा झाला, तर मी तो सभामंडपात जमिनीवर बसण्यापेक्षा त्या स्पष्टीकरणाच्या पत्रात मोजेन.

पैसा कुठपर्यंत जाऊ शकतो

आता कायद्याची अडचण. निधी संस्थेची इच्छा होती की पैसे थेट कूळ संघटनेच्या खात्यावर जावेत. भारतात ते सहज शक्य नाही. परदेशी योगदान घ्यायला २०१० च्या विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षे जुनी हवी आणि तिने मागील ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यावर यावा लागतो. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. तात्पर्य, पणजीतील संस्थेने तो पैसा स्वतःच खर्च करायचा, मजुरांच्या खात्यावर मजुरी भरायची, लाकूड आणि चिरे स्वतः विकत घ्यायचे आणि लेखापरीक्षकाला स्वतः उत्तर द्यायचे. संघटनेच्या हातात एक रुपयाही द्यायचा नाही.

परदेशातल्या चर्चांत स्थानिक नेतृत्व म्हणजे स्थानिकांच्या खात्यात निधी असे समीकरण मांडले जाते. ते चुकीचे नाही. ज्याच्या हातात थैली, त्याच्या हातात काम, हे कुठेही खरे असते. पण आपल्याकडे कायद्याने थैली मध्यस्थाकडेच राहणार असेल, तर उरलेले अधिकार तोंडी सद्भावनेवर सोडून चालत नाही, ते करारात लिहावे लागतात. येथे तीन गोष्टी लिहिल्या गेल्या. आराखड्यात बदल करायचा तर संघटनेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. कामाचे वेळापत्रक संघटना ठरवील आणि ते पंचांगातील तिथींनुसार असेल, इंग्रजी तारखा बाजूला लिहिल्या जातील. आणि केलेल्या मातीकामाचे मोजमाप संघटनेच्या दोन सभासदांनी सही केल्याशिवाय देयक निघणार नाही.

पणजीच्या संस्थेतला हिशेबनीस या तिसऱ्या अटीला घाबरला, आणि त्याची भीती रास्त होती. सही गावाची, पण जबाब त्याचा. लेखापरीक्षणात आक्षेप आला तर नोंदणी त्याच्या संस्थेची जाणार होती. मध्यस्थ संस्थेची ही कोंडी या विषयावरच्या लिखाणात फारशी येत नाही. तिला सरसकट अडवणुकीची धनी ठरवले जाते. येथे तोडगा निघाला तो साधा : मोजमापाची वही एकच, ती बांधावरच भरायची, आणि त्याच पानावर तिन्ही सह्या घ्यायच्या.

स्थानिक म्हणजे नेमके कोण

येथवर गाव एक आणि परके लोक एक असे चित्र दिसते. ते जानेवारीत मोडले.

कूळ संघटनेचे सभासद म्हणजे ज्यांची नावे एक-चौदाच्या उताऱ्यावर आहेत ते, आणि ती नावे बहुतेक पुरुषांची. त्यांतले कित्येक मोपाच्या विमानतळावर, म्हापशात किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नोकरीला आहेत. शेतात खरोखर उभ्या राहतात त्या घरच्या बायका, आणि बैठक भरत होती सकाळी दहाला. एका स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी कार्यकर्त्याला अडवून सांगितले, “भाऊ, मीटिंग दिवेलागणीनंतर ठेवा, आणि बांधाच्या माथ्याची रुंदी किती ठरवली ते आधी आम्हाला सांगा.” रुंदी ठरली होती ती माती वाचवण्याच्या हिशेबाने, गावाच्याच पुरुषांनी. डोक्यावर भाताचा भारा घेऊन येणारी बाई आणि रिकामी परत जाणारी बाई समोरासमोर आल्या, तर एकीला उतारावर पाय टाकावा लागेल एवढाच तो माथा होता. संध्याकाळच्या सभेत माथा रुंद करण्याचा ठराव झाला. त्याला लागणारी जादा माती पोंयीतला गाळ काढून मिळाली, आणि पोंयही खोल झाली. हा बदल ना सल्लागाराला सुचला होता, ना संघटनेच्या अध्यक्षाला.

दुसरा पेच जास्त कडू होता. मानशीची पावणी घेतलेला माणूस रात्री दार अर्धे उघडे ठेवतो आणि त्यामुळे खालच्या बाजूची शेते भगदाड पडण्याआधीपासून खारटत आहेत, असा कुळांचा आरोप होता. तो माणूस अध्यक्षांच्या भावकीतला. सभेत शब्दाला शब्द वाढला. ‘तुम्ही ठरवा, आम्ही मान्य करू’ असे म्हणून परक्या संस्थेने येथे हात झटकले असते, तर स्थानिक नेतृत्वाच्या नावाखाली भावकीचे नेतृत्व मान्य झाले असते.

सल्लागार अभियंत्याचा उपयोग झाला तो येथे. त्याच्याजवळ पाण्याची क्षारता मोजण्याचे यंत्र होते. त्याने कुळांनी दाखवलेल्या जागी, कुळांच्या देखत, ओहोटी आणि भरती दोन्ही वेळी पाणी मोजले आणि आकडे मराठीत लिहून देवळाच्या फलकावर लावायला दिले. दार बंद असतानाही मानशीच्या दगडी बांधणीच्या बाजूने खारे पाणी झिरपत होते. दार उघडे ठेवण्याचा आरोप खोटा ठरला नाही, पण सगळा दोष त्याच्यावर जात नव्हता, आणि एवढ्या फटीतून दोन्ही बाजूंना मागे सरायला जागा मिळाली. बाहेरच्या माणसाने केवळ ऐकावे आणि मान डोलवावी, असे स्थानिक नेतृत्वाचे जे भाबडे रूप अलीकडे मांडले जाते, ते मला पटत नाही. त्याचे ज्ञान गावाला हवे असते. ते कशासाठी वापरायचे हे गावाने ठरवावे लागते.

मजुरांविषयी लिहावे तेवढे थोडे, पण करारात त्यांच्याविषयी काहीच नव्हते. माती वाहणारे बहुतेक हात कर्नाटकातून आणि झारखंडातून आलेल्यांचे होते. स्थानिक नेतृत्वाच्या एकाही कलमात त्यांची गणना नव्हती. मजुरी खात्यावर वेळेत गेली, यापलीकडे या प्रकरणाकडे त्यांच्यासाठी दाखवण्यासारखे काही नाही.

बांध बुजला तो आठवडा

काम सुरू करण्याआधी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या दैवताला, गाऱ्हाणे घालायचे होते. नारळ, विड्या आणि बाकीचे सामान निधी संस्थेच्या नियमांत बसत नव्हते. धार्मिक खर्चाला तिची मनाई आहे. यावर कोणी वाद घातला नाही. संघटनेने घरटी वर्गणी काढली. अधिकारी महिला आली, चपला लांब काढून उभी राहिली, आणि कॅमेरा पिशवीतच ठेवला, कारण गाऱ्हाण्याचे चित्रण करू नये असे तिला आदल्या दिवशी सांगितलेले होते. निधी संस्थेचा फलक बांधावर लावण्याचा प्रश्नही तेव्हाच निघाला. फलक मानशीजवळ न लावता संघटनेच्या खोलीच्या भिंतीवर लावायचे ठरले.

माघातल्या अष्टमीच्या आगेमागे भगदाड बुजवले गेले. दोन्ही अंगांनी बांबूचे खुंट ठोकून त्यांना नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे बांधले, मध्ये पेंढा आणि चिकण मातीचे ढेपळे हातोहात टाकत नेले, आणि शेवटची अरुंद वाट उरली तेव्हा ओहोटीची वाट पाहत सगळे थांबले. काका मानशीवर पाणी पाहत उभे होते; त्यांनी हात वर केल्यावर दोन्ही बाजूंनी एकदम माती पडली. अभियंत्याच्या कागदावर यासाठी तीन दिवस धरले होते. लागला एक रात्रीचा आणि एक सकाळचा ओहोट. नंतरचे थर चढवायला मात्र मार्च उजाडला, आणि नदीकडच्या अंगाला चिऱ्यांची फरसबंदी त्याहून उशिरा झाली, कारण चिरे वेळेवर मिळाले नाहीत. यात शिकण्यासारखे काही नाही. चिरे कोणालाच वेळेवर मिळत नाहीत.

पावणीनंतर

पावसाळ्यात बांध अपेक्षेप्रमाणे दोन जागी दबला आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या हप्त्यातून त्यावर माती चढली. वरच्या शेतांत पहिल्याच वर्षी कोरगूट आला. खालच्या शेतांतले मीठ धुऊन जायला आणखी एक पावसाळा लागेल असे कुळांनी आधीच सांगितले होते आणि तसेच झाले.

गाठ सुटली नाही ती पैशाची. संघटनेने पावणीच्या अटींत नवे कलम घातले : जून ते ऑक्टोबर मानशीच्या दाराला पावणीदाराने हात लावायचा नाही, दार संघटनेने नेमलेला माणूस हाताळील. अट कडक झाल्याबरोबर बोली खाली आली, आणि ज्या उत्पन्नातून बांधाची नित्याची डागडुजी व्हायची तेच घटले. निधी संस्थेने ही तूट काही वर्षे भरून देण्याची तयारी दाखवली, पण वर सांगितलेल्या कायद्यामुळे तो पैसा संघटनेकडे येऊ शकत नव्हता, आणि पणजीच्या संस्थेकडे त्यासाठी चालू प्रकल्प उरला नव्हता. अखेरीस सर्वसाधारण सभेने क्षेत्राप्रमाणे प्रत्येक कुळावर वर्गणी बसवली. पहिल्या वर्षी वरच्या शेतांच्या कुळांनी ती बहुतांशी भरली. खालच्यांनी, पीक हाती लागल्यावर पाहू, असे सांगितले, आणि सभेने त्यांना पुढच्या कापणीपर्यंत मुदत दिली. निधी संस्थेच्या अंतिम अहवालात ‘प्रकल्पाची शाश्वतता’ या रकान्यात काय लिहायचे, हे पणजीच्या कार्यकर्त्याने संघटनेला विचारले. खजिनदाराने वर्गणीची यादी, थकबाकीच्या नावांची जागा झाकून, आहे तशी जोडायला सांगितली.